चाळणीत अडकलेला माणूस

१

मार्चमधल्या एका सकाळी, अलेक्झांड्रियातल्या आमच्या कचेरीत, कचऱ्यात मला एक माणूस सापडला.

कचरा ई-मेलचा होता. संकटातल्या नाविकांना मदत करणारी आमची लहानशी संस्था. तिचा पत्ता भूमध्य समुद्रावरच्या कितीतरी बंदरांच्या भिंतींवर चिकटवलेला आहे, आणि भिंतीवरच्या पत्त्यावर जग वाटेल ते फेकून जातं. लॉटरीचे निकाल, पौरुषाची औषधं, कुठल्याशा निपुत्रिक विधवेची बेवारस इस्टेट. या लोंढ्यात खऱ्या खलाशाची हाक बुडून जाई, म्हणून संस्थेने मला, एका संगणक-इंजिनियरला, नेमलं. मी एक चाळणी बसवली आणि कचेरीतल्या तिघांना दोन गोष्टी शिकवल्या. नकोशा पत्राला कधी उत्तर देऊ नका. उत्तर म्हणजे आत कोणीतरी जागं आहे याची कबुली. आणि ते नुसतं पुसूही नका, कचऱ्याच्या पेटीत ढकला. रोज संध्याकाळी चाळणी ती पेटी वाचते, शिकते, आणि तसलं पत्र पुन्हा आलं तर उंबरठ्याबाहेरच्या कोंडवाड्यातच टाकून देते.

कोंडवाड्यात कोणी जात नाही. मी मात्र हिवाळा सरताना तो रिकामा करण्याआधी एकदा नजर फिरवतो. माणसांशी बोलताना माझे शब्द अडतात. टाकलेल्या पत्रांशी बोलावं लागत नाही, म्हणूनही असेल.

त्या सकाळी तिथे एकाच पत्त्यावरून आलेली पत्रं दिसली. सगळा हिवाळाभर आलेली. लिहिणारा रिदवान, सीरियाच्या अरवाद बेटावरचा खलाशी, ‘तालिया’ जहाजाचा रखवालदार. मालकाने सोडून दिलेलं ते जहाज आमच्या खिडकीतून दिसतं. बंदराच्या धक्क्याबाहेर नांगर टाकून उभं, गंजाने तांबूस झालेलं. न्यायालयाला जहाजावर कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता; बाकीचे खलाशी घरी गेले, रिदवान राहिला. संध्याकाळी त्याचा एक दिवा लागे, आणि आम्ही म्हणत असू, ठीक आहे, आहे तो.

प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ईश्वराचं नाव होतं, दर वेळी वेगळ्या विशेषणाने सजवलेलं. ‘त्या अल्लाहच्या नावे, जो विहिरीच्या तळाशी असलेल्याचंही ऐकतो.’ त्याखाली साधी वाक्यं. तुम्ही म्हणाला होतात, दोन आठवड्यांचीच गोष्ट आहे. आई वारल्याचं शेजाऱ्याने कळवलं, त्यानंतर तिकडूनही कोणी लिहीत नाही. रात्री डेकवर पावलं वाजतात. बहुधा माझीच असावीत.

शेवटचं पत्र त्याच आठवड्यातलं होतं. ‘आठवड्यातून एकदा बोट येते, दोरीला भाकरी आणि पाणी बांधून निघून जाते. कोणी वर पाहत नाही. आमच्याकडे कबरीवर मेलेल्याच्या नावाने रहमेची, दयेची, भाकरी अशीच ठेवतात. तुम्हा सर्वांना माझी एवढीच विनंती, की मी जिवंत नसेन तर तसं कळवा.’

मी खिडकीकडे पाहिलं. समुद्र काचेसारखा निश्चल होता. आमच्याकडे हिवाळी वादळांना नावं असतात, आणि या मोसमातलं शेवटचं, ‘अव्वा’, अजून यायचं होतं. ते येण्याआधी समुद्र असाच श्वास रोखून धरतो.

२

संस्थेच्या सल्लागार कवसरबाई, आम्हा सगळ्यांच्या उस्ताझा, तासाभरात आल्या. निवृत्त वकील, हातात छडी, आणि एखाद्याकडे पाहत राहिल्या की त्याने न विचारलेलंही सांगून टाकावं असे डोळे. त्यांनी सगळी पत्रं वाचली, न्यायालयात फोन केला आणि रिदवानच्या जागी दुसरं नाव देण्याची सोय दुपारपर्यंत करून घेतली. आता त्याला फक्त खाली उतरवायचं होतं. जहाजाची साखळी झिजली आहे, अव्वाच्या लाटा ती सोसणार नाही, असं बंदरवाल्यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

बोट घेऊन वगदी गेला. वगदी गिरगिस आमचा बंदरावरचा माणूस. जहाजावर भाकरी पोहोचवण्याची व्यवस्था त्याचीच. रिकामी टोपली परत येते तोवर वरचा माणूस सुखरूप आहे, असं तो प्रामाणिकपणे समजत आला होता. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, आणि त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

रिदवान कठड्याशी आला होता, अगदी शांत. त्याने शिडी वर ओढून घेतली होती. मेलेल्याला उतरवायला बोट लागत नाही, असं तो म्हणाला. तुम्हीही बहुधा त्याच बाजूचे आहात, म्हणून इतके दिवस वर पाहिलं नाहीत. बळजबरीने कोणी वर चढलं तर तो दुसऱ्या बाजूने पाण्यात उतरणार होता.

“एक अट घालतोय,” वगदी म्हणाला. “म्हणतो, माझं लिहिलेलं जिवंत माणसाने वाचलं असेल, तर त्याने माझ्या पहिल्या पत्राची पहिली ओळ सांगावी. मग उतरतो.”

मला हायसं वाटलं. कोंडवाड्यातली पत्रं नंतरची होती. पण चाळणी आपणहून कोणा अनोळखी माणसाला कचरा ठरवत नाही. पहिला धडा तिला माणसाच्या हातूनच मिळतो. म्हणजे सुरुवातीची पत्रं कचऱ्याच्या, म्हणजेच चाळणीच्या शिकवणीच्या पेटीत असायलाच हवीत, आणि ती होती. अगदी पहिलं मी उघडलं आणि फोनवर वाचून दाखवलं: “मी तालियावरचा रिदवान, आपणा सर्वांची खुशाली इच्छितो.”

वगदी ते वाक्य वर ओरडून सांगत असल्याचं मला ऐकू आलं. मग नुसता वारा. मग पुन्हा वगदी.

“नाही म्हणाला, मुहाब. ही पहिली ओळ नाहीच, म्हणाला. आणि हसला रे. तसं हसणं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.”

३

मी शिकवणीच्या पेटीतली सगळी पत्रं पुन्हा उघडली. कोंडवाड्यातल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ईश्वराचं नाव होतं. पेटीतल्या एकाही पत्रावर नव्हतं.

“सुरुवातीला त्याला देव आठवला नसेल,” मी कवसरबाईंना म्हणालो. “निराश झाल्यावर आठवला.”

त्यांनी मान हलवली. “अरवादचा खलाशी देवाचं नाव घेतल्याशिवाय दोरीची गाठसुद्धा मारत नाही. ती ओळ होती. कोणीतरी कापली. आलेलं पत्र असं बदलता येतं का?”

येतं. आमच्या जुन्या मेलमध्ये आलेलं पत्र उघडून, मजकुरात फेरफार करून ते पुन्हा जतन करता येतं. मात्र कोणी केलं हे कळायला मार्ग नव्हता, कारण टपालाचं टेबल एकच, परवलीचा शब्द एकच. रोज पहाटेच्या नमाजानंतर आमचे वृद्ध लेखनिक हाज बयूमी येऊन टपाल उघडतात, मग निहाल बसते, आणि वगदी बंदरावरून परतला की कधीमधी तोही.

कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून मी कोपऱ्यात सरकलो. निहालने सगळ्यांसाठी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या गरम तअमिया, वालाच्या वड्या, मागवल्या होत्या. खाणं कोणाला सुचत नव्हतं, पण हात चालू होते. हाज बयूमींनी आपला तेलकट कागद उलगडला, त्यावरची एक मृत्युवार्ता पाहिली, तिच्या माथ्यावरची कुराणातली आयत काळजीपूर्वक फाडून कोटाच्या खिशात ठेवली आणि उरलेला कागद टोपलीत टाकला. ते नेहमीच असं करतात. दर शुक्रवारी ते तुकडे मशिदीत नेऊन देतात.

कवसरबाईंनी पहिल्यांदा निहालला बोलावलं. निहाल संचालकांची सचिव. तिच्या जिभेला धार आहे आणि ते तिला ठाऊक आहे. तिने काहीच नाकारलं नाही. ती रोज ढीगभर पत्रं कचऱ्यात ढकलते, लांबलचक पत्रं तर हमखास. “माझ्या सख्ख्या मावशीच्या शुक्रवारच्या शुभेच्छाही ढकलते,” ती म्हणाली. “फुलं, कबुतरं आणि वर दोन आयती. पन्नास जणांना एकदम पाठवते ती. इंजिनियरसाहेबांनीच शिकवलंय, ढकला म्हणून. पण हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला नाही, ताई. आला असता तर आठवला असता. मी वाईट आहे, विसराळू नाही.”

वगदी ओल्या बुटांनीच आला होता. त्याने सांगितलं, की तो टपाल वाचतच नाही. अक्षरांपेक्षा त्याला डिझेलचा वास बरा वाटतो. मग खाली मान घालून म्हणाला, भाकरी पाठवत होतो, एकदा वर पाहायला काय झालं होतं मला.

हाज बयूमी सर्वांत वयस्क. संस्थेची पत्रं इतकी वर्षं त्यांनीच लिहिली, इतक्या प्रेमळ भाषेत, की कित्येक बंदरांतले खलाशी त्यांना काका म्हणतात. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की पहाटे डोळ्यांना नीट दिसत नाही. काही निसटलं असेल तर अल्लाह क्षमा करो.

मग कवसरबाई माझ्याकडे वळल्या. “ती ओळ कापल्याने चाळणीला काही फरक पडतो का?”

मी नको इतकं खरं बोललो. “पडतो. ईश्वराचं नाव आमच्याकडे चांगल्या पत्रांतही असतं. ते राहिलं तर चाळणी घुटमळते. काढलं, तर ती त्या माणसाला लवकर ओळखते आणि कायमचा बाहेर ठेवते.”

“हे या कचेरीत कोणाला ठाऊक आहे?”

खोलीतल्या तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. बाहेर पहिली झुळूक आली आणि खिडकीची काच थरथरली.

“मला,” मी म्हणालो. “एकट्याला.”

४

त्या क्षणी मला एक विचित्र गोष्ट जाणवली. संशय माझ्यावर होता, तरी मला भीती वाटत होती ती याची, की गुन्हेगार कोणीच नसेल. हे सगळं यंत्राने केलं असेल, तर रिदवानचा एकही शब्द कोणी वाचलेला नाही. आणि मग तो म्हणतो तेच खरं. त्याला खाली आणायचं तर कोणीतरी दोषी असायलाच हवा होता.

कवसरबाई माझ्याकडे पाहून हसल्या. “तुला एखाद्याला बाहेर ठेवायचं असेल तर तू काय करशील?”

“चाळणीत त्याचा पत्ता लिहीन. एक ओळ. झालं.”

“म्हणजे पत्रं कापत बसायची तुला गरज नाही. ज्याने कापली, त्याला चाळणीचं काही कळत नव्हतं. त्याला फक्त एवढं माहीत होतं, की पेटीत टाकलं की पत्र पुन्हा येत नाही. आता निहाल. तिच्या मावशीच्या शुभेच्छा पेटीत आहेत का, पाहा बरं.”

होत्या. फुलं, कबुतरं आणि दोन्ही आयती, अख्ख्या.

“निहाल टाकते तेव्हा सगळं टाकते. देवाचं नावही.”

“आता मला नरकाची भीती घालू नका,” निहाल पुटपुटली, पण तिचा चेहरा उतरला होता.

“वगदीला राग असता, लाज असती, काहीही असतं, तरी त्याने अख्खं पत्र ढकललं असतं.”

“नाही, मॅडम,” वगदी म्हणाला. “त्यावर ते नाव पाहिलं असतं, तर मी हातच लावला नसता. उचलून हाजच्या टेबलावर ठेवलं असतं. असले कागद आम्ही त्यांनाच देतो.”

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. आम्हा सगळ्यांची नजर एका तेलकट कागदावर गेली. टोपलीत पडलेल्या, माथ्यावरचा कोपरा फाडलेल्या.

कवसरबाईंनी आवाज चढवला नाही. ही ओळ चाळणीला फसवायला कापलेली नव्हती, त्या म्हणाल्या. ही ओळ कचऱ्यात जाऊ नये म्हणून कापली होती. बाकी सगळं टाकता आलं, एक माणूस टाकता आला; ते नाव मात्र टाकता आलं नाही.

हाज बयूमींचा हात कोटाच्या खिशावर होता. ते समुद्राकडे वळले.

“मीच त्याला रखवालदारीच्या कागदावर सही करायला लावली,” ते म्हणाले. “बाकीचे नाही म्हणत होते. तो पोरगा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, काका, किती दिवस? मी म्हटलं, दोन आठवडे. मला तसंच सांगितलं होतं वरून. मग त्याची पत्रं यायला लागली. माझ्या नावाने नाही, सगळ्यांच्या नावाने. मला दोष देत नव्हता. खुशाली विचारायचा. मी उत्तर लिहायला बसायचो, आणि प्रत्येक उत्तरात पुन्हा तेच खोटं लिहावं लागलं असतं. मुहाब म्हणाला होता, पेटीत टाकलं की येत नाही. खरंच येईना झाली. मला वाटलं, त्यानेच लिहिणं थांबवलं असेल. सुटला असेल. दिवा दिसायचा, तरी मी तसंच समजायचो.”

“कापलेल्या ओळी कुठे आहेत?” कवसरबाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. “कुठे ठेवणार? त्या पाठ आहेत मला. रोज पहाटे म्हणतो.”

वगदी केव्हाच उठून बोटीची दोरी सोडायला गेला होता.

५

हाज बयूमी इतकी वर्षं नाविकांसाठी झिजले, पण लहान बोटीत ते कधी बसले नव्हते. धक्का मागे पडताच ते पांढरे पडले. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा कोट घट्ट धरून ठेवला. पश्चिमेचं आकाश शिशासारखं झालं होतं; अव्वा निघाली होती.

‘तालिया’ जवळून फार उंच वाटते. तिच्या पोटात पाणी शिरून परत फिरे तेव्हा एखादं मोठं जनावर झोपेत कण्हत असल्यासारखा आवाज येई. कठड्याशी एक आकृती उभी होती, दाढी छातीपर्यंत. तिने आमच्याकडे पाहिलं. पण जसं आपण फोटोतल्या माणसांकडे पाहतो तसं.

वगदीने बोट जेवढी आणता येईल तेवढी जवळ आणली. हाज बयूमी उभे राहिले. मी त्यांच्या कमरेला मिठी घातली. पहिल्यांदा त्यांचा आवाज वाऱ्याने नेला. मग त्यांनी डोळे मिटले, आणि जसे ते पहाटे म्हणत असतील तसेच शब्द आले, ओरडून नव्हे, तरीही स्वच्छ.

“त्या अल्लाहच्या नावे, ज्याने माशाच्या पोटातही श्वास ठेवला.”

वरची आकृती हलली नाही.

“त्या अल्लाहच्या नावे, जो बेटांना बुडू देत नाही. त्या अल्लाहच्या नावे, ज्याला आईच्या स्वयंपाकघराचा रस्ता ठाऊक आहे.” एकामागून एक, पत्रांच्या क्रमाने, ते म्हणत गेले. लाटेचं पाणी त्यांच्या तोंडावर उडत होतं आणि ते पुसतही नव्हते. कापलेल्या सगळ्या ओळी संपल्या तेव्हा ते थांबले. पुढच्या पत्रांतल्या त्यांना ठाऊक नव्हत्या.

वरून खरखरीत, न वापरलेला आवाज आला. “वाचलं होतंत, तर उत्तर का नाही दिलंत?”

“लाज वाटत होती, पोरा.”

मेलेल्यांना काय सांगतात, जिवंतांना काय सांगतात, हे तो तिथे उभा राहून ताडून पाहत असावा. देव, देवदूत, वाळवंटातले जिन, यांपैकी कोणालाही लाज वाटल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मग लोखंडावर लाकूड घासल्याचा आवाज झाला आणि शिडी एकेक पायरी खाली येऊ लागली.

बोटीत उतरल्यावर तो हाज बयूमींच्या समोर बसला. त्याने हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं, बोटांनी नाडी शोधली आणि धक्का येईपर्यंत सोडली नाही. वगदीने एकदाच मागे वळून वर पाहिलं, रिकाम्या कठड्याकडे.

अव्वा त्याच रात्री आली. सकाळी खिडकीतून पाहिलं तर धक्क्याबाहेर जहाज नव्हतं. साखळी तुटून ते खडकांवर कलंडलं होतं. आमच्याकडे म्हणतात, अव्वा झाली की वादळ नाही. हे समुद्रापुरतं खरं आहे.

हाज बयूमींनी राजीनामा लिहून आणला. कवसरबाईंनी तो घेतला, वाचला आणि सांगितलं, की शिक्षा म्हणून त्यांनी यापुढे प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं. ज्याचं उत्तर नाही त्यालाही, उत्तर नाही असं. ते आता संथपणे, दोन बोटांनी, दिवसभर लिहीत असतात. मी चाळणीतून रिदवानवरचे सगळे धडे काढून टाकले, निदान माझी तशी समजूत होती. यंत्रं शिकतात तेवढ्या सहज विसरत नाहीत.

म्हणून आता मी रोज कोंडवाडा वाचतो. आणि वसंतात एके दिवशी, निपुत्रिक विधवा आणि लॉटरी यांच्या मध्ये, तो पुन्हा सापडला. पत्र अरवादहून आलं होतं. मी ते उचलून हाज बयूमींच्या पडद्यावर ठेवलं आणि त्यांच्या मागे उभा राहिलो.

‘त्या अल्लाहच्या नावे, जो उशिरा वाचणाऱ्यांनाही क्षमा करतो. मी घरी पोहोचलो. घर रिकामं आहे, रात्री पावलं वाजतात. काका, दोन ओळींचं उत्तर पाठवा, म्हणजे ती माझीच आहेत हे मला कळेल.’

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटाने पहिलं अक्षर शोधू लागला.